पहिलं बोट वाटाड्याचं

मचामे, ३ डिसेंबर

मी गाईसाठी केळीचं खोड चिरत होते, भावोजी. त्याआधी दूध काढून झालं होतं. गोठ्यातलं शेण ओढून कॉफीच्या झाडांच्या बुडाशी टाकलं होतं. पाटाच्या पाण्याची पाळी त्या दिवशी आमची होती, म्हणून उजाडताच बांध फोडून पाणी बागेत घेतलं होतं. कुंडाएली दारात बसून बुटांच्या नाड्या ओवत होता. चुलीवर आल्याचा चहा होता. त्या सकाळी मी तो दोनदा केला. किबो डोंगर माथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता आणि कुंडाएली म्हणाला, "आज लाजत नाहीये बघ तो."

मग तुम्ही कुंपणाशी आलात आणि ओरडलात, "वहिनी, नवरा द्या! सात दिवसांनी जसाच्या तसा परत आणून देतो."

मी म्हणाले, "जुना झालाय, नाही आणलात तरी चालेल."

तुम्ही हसलात, तोही हसला. हे वाक्य मी सहा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही ते विसरला नसाल, हे मला ठाऊक आहे.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. किगोमाच्या टपालपेटीचा नंबर मला नाएलीने दिला. मीच मागितला, तिला बोल लावू नका. ती म्हणाली, तुम्ही तिथे सरोवराच्या काठी होड्या बांधायच्या वखारीवर राखणदार आहात. सगळीकडे सपाट पाणी. डोंगर दिसत नाही अशी जागा शोधायला तुम्हाला एवढं लांब जावं लागलं.

कुंडाएलीला पुरलं त्या दिवशीचं सगळं गावाला माहीत आहे, तरी मी लिहिते, म्हणजे मी ते टाळलं असं होणार नाही. तुम्ही क्षमा मागायचं इसालेचं पान गाठ मारून दोन्ही हातांवर धरून माझ्यासमोर उभे राहिलात. आपल्याकडे हे पान समोर आलं की भावाला मारणाऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. माझ्या आजीने तिच्या नवऱ्याचा डोळा फोडणाऱ्याचं पान घेतलं होतं. मी घेतलं नाही. मी म्हणाले, "पाहुण्यांना शिखरावर नेलंस आणि माझ्या माणसाला तंबूत मरायला टाकलंस. घेऊन जा तुझं पान." शंभर माणसं ऐकत होती. त्यानंतर वाटाड्यांच्या गटाने यादीतून तुमचं नाव काढलं आणि सांगितलं, विधवेचं मन निवळल्याशिवाय ते परत घालायचं नाही. कुणीही तुमच्याबरोबर डोंगर चढेना. सहा वर्षं तुमचं नाव माझ्या जिभेवर अडकून पडलं आहे. हे मला दर रविवारी चर्चमध्ये आठवतं आणि दर रविवारी मी गप्प बसून घरी येते.

उद्या मी वर जाते आहे. हसू नका. नऊ तारखेला, स्वातंत्र्यदिनाला शिखरावर पोचायचं म्हणून चर्चच्या सहा बाया निघाल्या आहेत, मी सातवी. वय त्रेपन्न, गुडघा डावा दुखतो. त्यांतली म्कुंडे म्हणते, "आयकारुवा, तू शेवटचा चढ चढलीस तो तुझ्या लग्नाचा." नाएली आमची मुख्य वाटाडी आहे. म्हातारा किवेलू, जो तुमचा आचारी होता, तो तिच्या हाताखाली दुसरा वाटाड्या आहे.

का जाते ते खरं सांगते. कुंडाएली जिथे गेला ती जागा मला बघायची आहे. तुम्ही त्याला वेळेत खाली आणू शकला असतात की नाही, ते माझ्या पायांनी मोजायचं आहे. आणू शकला असतात असं दिसलं, तर मी उरलेलं आयुष्य शांतपणे तुमच्यावर रागावून काढीन. हे पत्र टपालात टाकीन की नाही, ते परत आल्यावर ठरवीन.

शिरा पठार, ५ डिसेंबर

वही मांडीवर घेऊन तंबूबाहेर बसले आहे. चहा आणि मक्याच्या लाह्या आल्या आहेत. ऊन आहे, पण सावलीत गेलं की हाडं वाजतात.

तेवीस वर्षं मी वाटाड्याची बायको होते आणि मला वाटायचं, कुंडाएली पुढे चालतो आणि लोक मागून येतात, यात काय विशेष! आता दोन दिवस नाएलीच्या मागून चालते आहे. ती इतकी हळू चालते की पहिल्या तासाला मला राग आला. मी म्हणाले, "पोरी, या वेगाने मी बाजारात गेले तर माझी केळी काळी पडतील."

ती मागे न बघता म्हणाली, "मावशी, तुमची केळी बाजारात थांबतात. तुमचं रक्त थांबत नाही. त्याला वर यायला वेळ द्या."

म्कुंडेने तिसरं पांघरूण आणलं आहे. डोंगराच्या पायथ्याला, गेटवर हमालांच्या ओझ्यांचं वजन करतात तिथे काटा बघून एक हमाल म्हणाला, "मावशी, यात नवरा भरलाय का?" म्कुंडे म्हणाली, "नवरा असता तर हलकं झालं असतं, तो काही कामाचा नाही." सगळी रांग हसली. मग त्याच हमालाने ते ओझं डोक्यावर घेतलं आणि आम्ही अर्धं जंगल ओलांडायच्या आत तो आमच्यापुढे निघून गेला. आम्ही तळावर पोचलो तेव्हा तंबू उभे होते, पाणी उकळत होतं आणि तो दगडावर बसून दुसऱ्याच्या फाटक्या बुटाला दोरा घालत होता. मी त्याला म्हणाले, "दमला नाहीत?" तो म्हणाला, "दमलो की सांगतो." नंतर त्याने काही सांगितलं नाही.

चालताना नाएली गाणं म्हणायला लावते. मला वाटलं, करमणूक. दुपारी किवेलूने सांगितलं, "ती आवाज ऐकते, वहिनी. जी ओळ अर्धी सोडते तिच्यावर नजर ठेवायची. हे तिला तुमच्या त्या एलिरेहेमाने शिकवलं." तुमचं नाव घेताना, 'तुमच्या त्या' असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

आज सकाळी एक गोष्ट पाहिली, ती मला कुंडाएलीने कधी सांगितली नव्हती, कारण त्याच्या वेळी ती नव्हती. न्याहारीआधी नाएलीने सगळ्यांना गोल उभं केलं. हमाल, आचारी, आम्ही. खिशातून तो बोटाला लावायचा चिमटा काढला, रक्तातली हवा मोजतो तो. मला वाटलं, आता आमची पाळी. तर तिने तो स्वतःच्या बोटाला लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. "एक्याण्णव. डोकं ठीक, पोट ठीक, काल रात्री एकदा खोकला आला." मग किवेलूचं बोट. मग एकेका हमालाचं. आम्ही सगळ्यात शेवटी.

म्कुंडे म्हणाली, "अगं, पैसे आम्ही भरलेत, आधी आम्हाला बघ की!"

"पहिलं बोट वाटाड्याचं," नाएली म्हणाली. "मी पडले तर तुम्हाला कोण बघणार?"

कुंडाएलीकडेही असा चिमटा होता, मी तो घरी पुसून ठेवायची. त्याने तो शेकडो बोटांना लावला असेल. स्वतःच्या बोटाला लावलेला मी कधी पाहिला नाही. त्याला कुणी म्हणालं तर तो म्हणायचा, "मी या डोंगरावरच जन्मलोय, हा मला ओळखतो." आपले सगळेच तसं म्हणतात. माझे वडीलही म्हणायचे, आणि ते जंगलाच्या वर कधी गेले नव्हते.

करांगा, ७ डिसेंबर

काल बारांकोच्या तळावर उतरायच्या आधी लाव्हाच्या सुळक्यापाशी जेवलो. तिथे माझं डोकं दुखायला लागलं. मी सांगितलं नाही. गाणं मात्र पूर्ण म्हटलं, प्रत्येक ओळ.

आज ती उभी भिंत चढलो. एका ठिकाणी वाट इतकी अरुंद आहे की कातळाला पोट लावून सरकावं लागतं. म्कुंडे कातळाला बिलगून म्हणाली, "तीस वर्षांत नवऱ्याला अशी मिठी मारली नाही!" आणि खालून किवेलू म्हणाला, "सोडा आता, तो लाजला." वर पोचल्यावर आम्ही सगळ्या खाली बसलो आणि विनाकारण रडलो. किबो इतका जवळ होता की हात लावावा. मी जन्मभर त्याला अंगणातून बघितलं, पण तो एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही दोघं पंधरा वर्षं इथे येत होतात आणि घरी येऊन फक्त म्हणायचात, "थंडी होती."

खाली ओढा आहे. पुढच्या तळावर पाणी नाही, म्हणून हमाल इथून बादल्या भरून वर नेणार. उद्या बराफूला मी तोंड धुईन ते पाणी कुणाच्या तरी मानेवरून आलेलं असेल. मी थोडंच धुईन.

मी लिहिते आहे कारण बोलले तर आवाज चोरटा वाटेल. डोकं अजून दुखतं. सकाळी चिमट्याआधी मी एक युक्ती केली. तुम्हाला माहीत आहे, मी शाळेत फार गेले नाही. वाचायला स्वतःच शिकले, आधी भजनांच्या पुस्तकातून, मग पाहुणे मागे टाकून जायचे त्या पुस्तकांतून, शब्दकोश मांडीवर घेऊन. कुंडाएलीचं प्रथमोपचाराचं पुस्तक मी पाठ होईपर्यंत वाचलं आहे. त्यात लिहिलंय, खोल आणि भराभर श्वास घेतले की आकडा चढतो. मी तसे घेतले. आकडा चढला. नाएली "छान" म्हणाली.

त्या पुस्तकात आणखी एक वाक्य आहे. ते मी आज लिहीत नाही.

मिलेनियम तळ, ९ डिसेंबर

आज स्वातंत्र्यदिन. म्कुंडे आणि बाकीच्या या वेळी शिखरावर असतील किंवा उतरत असतील. मी नाही. मी खाली आहे, तुमच्या वाटेवर आहे.

काल दुपारी आम्ही बराफूला पोचलो. तिथे नुसते दगड. तंबूला जाताना मी दोनदा अडखळले. नाएलीने सगळ्यांना गोल केलं. पहिलं बोट तिचं, सत्त्याऐंशी. मग बाकीचे. माझी पाळी येईपर्यंत मी शालीच्या आड भराभर श्वास घेत होते. आकडा आला ब्याऐंशी. मी हात मागे घ्यायला लागले. तिने माझं मनगट धरलं, घट्ट नाही, पण सोडलंही नाही.

"राहू द्या, मावशी. तुमच्या गाईबद्दल सांगा. नाव काय तिचं?"

"सिकिटू," मी म्हणाले. "का?"

"दूध किती देते?"

"आता चार लिटर. पहिल्या वेताला सात द्यायची. मग ती पोटाने बिघडली, मी तिला..." आणि मी सांगत राहिले, आणि सांगताना माझा खोटा श्वास सुटला, कारण माणसाला गाईबद्दल बोलताना श्वास मोजता येत नाही. एकोणऐंशी. पंच्याहत्तर. एकाहत्तर. सगळे बघत होते.

नाएली रागावली नाही. ती म्हणाली, "तुम्ही पुस्तक वाचून आलात. ही युक्ती पुष्कळ जण करतात. एलिरेहेमादादा म्हणायचे, लपवणाऱ्याला धाक दाखवायचा नाही, त्याला त्याच्या आवडीच्या गोष्टीवर बोलतं करायचं. डोकं कधीपासून?"

"परवा दुपारपासून."

"मग तुम्ही आत्ता खाली जाल. चहा झाल्यावर नाही, आत्ता."

मी भांडले. म्हणाले, मी इथलीच आहे, या डोंगराच्या अंगावर जन्मले, मला काय होतंय! माझ्या तोंडून हे शब्द बाहेर पडले, भावोजी, आणि ते माझ्या आवाजात नव्हते, कुंडाएलीच्या आवाजात होते.

नाएली म्हणाली, "मावशी, डोंगर कुणाला ओळखत नाही. मी ओळखते तुम्हाला, म्हणून पाठवते." सव्वीस वर्षांची पोरगी. तिच्यापेक्षा दुप्पट वयाच्या बाईला, चर्चमधल्या बायांसमोर, शिखर एवढं समोर असताना ती परत फिरवत होती आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला अपमान वाटला आणि त्याच वेळी मनात आलं की असं कुणी कुंडाएलीला म्हणायला हवं होतं.

किवेलू माझ्याबरोबर आला. माझी पिशवीही त्यानेच घेतली. मी रिकाम्या हातांनी उतरत होते, दोन काठ्या घेऊन. ती वाट तुम्हाला सांगायला नको. सुटे दगड, मग पायऱ्यांसारखे कातळ, गुडघ्याएवढे उंच. धुकं होतं. अर्ध्या तासाने माझे पाय लटपटायला लागले. मी बसले. किवेलू शेजारी बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "इथूनच आणलं त्याला."

मी काठ्या बाजूला ठेवल्या.

"पाठीवर," तो म्हणाला. "आजाऱ्याला न्यायची चाकाची झोळी खालच्या तळावर होती. एलिरेहेमा म्हणाला, ती वर येईपर्यंत थांबणार नाही. आम्ही तिघं आळीपाळीने घेऊ म्हटलं. मी पन्नास पावलं नेलं आणि पडलो. दुसऱ्याने शंभर. बाकी सगळं त्याने. कुंडाएली काही लहान माणूस नव्हता, वहिनी. तुम्ही त्याला चांगलं खाऊ घातलं होतंत."

"पण आधी त्याला तंबूत टाकून शिखरावर गेला ना?"

"टाकून नाही. कुंडाएलीने पाठवलं. म्हणाला, पोट बिघडलंय, तू ने पाहुण्यांना. मुख्य वाटाड्याचा हुकूम. बारांकोला एलिरेहेमाने चिमटा त्याच्यासमोर धरला होता, सगळ्यांदेखत. कुंडाएली म्हणाला, 'दोनशेव्या खेपेला मला शिकवतोस?' आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, वहिनी. एलिरेहेमा एकटाच हसला नाही. वर जाताना त्याच्या मनाला चैन पडेना, म्हणून पाहुणे तिसऱ्या वाटाड्याच्या हाती देऊन तो अर्ध्या वाटेवरून पळत आला. आला तेव्हा कुंडाएलीच्या तोंडाला गुलाबी फेस होता."

मी विचारलं, "तो काही बोलला का?"

किवेलूने माझी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "मी शपथ घेतली होती. पण आज तुम्ही बोट लपवलंत. तुम्हीही गेला असतात तर मी किती जणांची गुपितं पोटात घेऊन हिंडायचं?" मग त्याने सांगितलं. त्या वळणावर, जिथे उंच झुडपं सुरू होतात, कुंडाएली तुमच्या पाठीवरून बोलला. एकेक शब्द, मध्ये श्वास. तो म्हणाला, आयकाला खोकल्याचं सांगू नका. खोकला घरूनच होता. तिला माहीत होता. ती स्वतःवर घेईल.

आणि तुम्ही म्हणालात, "नाही सांगणार."

मग खालच्या तळाच्या आधी, शेवटच्या वळणावर तो गेला. किवेलू म्हणतो, तो गेल्यावरही तुम्ही त्याला खाली ठेवलं नाही. तळापर्यंत तसंच आणलं.

मी ते अंतर मोजायला आले होते. आज सकाळी डोकं हलकं झालं, तेव्हा किवेलूला घेऊन मी थोडं परत वर गेले, तो गेला त्या शेवटच्या वळणापर्यंत. तिथून तळापर्यंत चारशे बारा पावलं आहेत. रिकाम्या हाताने, उजेडात, दोन काठ्यांनी मला दोनदा थांबावं लागलं.

तुम्ही पान हातात घेऊन माझ्यासमोर उभे होतात आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलला असतात तर शंभर माणसांसमोर मी खाली बसले असते. तुम्ही पान घेऊन निघून गेलात.

मचामे, १२ डिसेंबर

परवा संध्याकाळी घरी पोचले. बाकीच्या सगळ्या शिखरावर जाऊन आल्या, म्कुंडेसुद्धा. तिच्या ओठांची सालं निघाली आहेत आणि ती रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगते. मला त्याचा हेवा वाटत नाही. गेटवर नाएलीने सगळ्यांना कागद दिले, कुठपर्यंत गेलो त्याचे. मला नव्हता. तिने स्वतःच्या वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, "बराफूपर्यंत, आणि वेळेत खाली." खाली सही केली. ते मी भजनांच्या पुस्तकात ठेवलं आहे.

आता ते राहिलेलं लिहिते. त्या सकाळचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं.

खोकला चार दिवसांचा होता. त्याला आडवं झोपता येत नव्हतं, तो भिंतीला टेकून बसायचा. त्या दिवशी सकाळी तो स्वतः म्हणाला, "आयका, या खेपेला एलिरेहेमाला जाऊ द्यावं का?" मी खोड चिरता चिरता थांबले नाही. त्याची दोनशेवी खेप होती. गेटवर त्याला फुलांचा हार घालणार होते. मी सगळ्या चर्चला सांगून ठेवलं होतं, म्कुंडेच्या जावेला खास बोलावून सांगितलं होतं, कारण तिच्या नवऱ्याच्या एकशे साठच झाल्या होत्या. मी म्हणाले, "एवढ्याशा खोकल्यासाठी? लोक काय म्हणतील?" तो बुटांच्या नाड्या ओवायला लागला. मी दुसऱ्यांदा आल्याचा चहा केला, मधाच्या गोळ्या त्याच्या खिशात घातल्या आणि म्हणाले, "एलिरेहेमासमोर खोकू नकोस. त्याच्या लक्षात आलं तर तो तुला गेटवरच ठेवेल."

म्हणजे मला तुमच्याबद्दल तेव्हाच खात्री होती. तुम्ही त्याला ठेवून घेतलं असतंत. म्हणूनच तुमच्यापासून लपवायला सांगितलं. मग तुम्ही कुंपणाशी आलात आणि मी थट्टा केली.

पुस्तकातलं वाक्य असं आहे: छातीत सर्दी किंवा खोकला असताना उंचावर गेल्यास फुप्फुसात पाणी होण्याचा धोका फार वाढतो, अशा माणसाने खालीच थांबावं. हे मी दोन वर्षांपूर्वी वाचलं. त्याआधीची चार वर्षं मी नुसती चुकीची होते, पण नंतरची दोन वर्षं मी खोटी होते. ते पुस्तक मिटून मी मक्याच्या डब्याखाली ठेवलं आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये तुमच्या आईच्या शेजारी बसले. तुमच्या आईने मला जागा करून दिली.

तुम्ही मला वाचवलंत, पण त्याने माझा भार कमी झाला नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते. पण तुम्ही मरणाऱ्या माणसाला शब्द दिला होता. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, भावोजी, तुमच्याएवढा मोठा माणूस मला त्यांत भेटला नाही. आणि असा माणूस माझ्या कुंपणाशी येऊन मला वहिनी म्हणायचा.

तुम्ही परत यावं असं मी लिहिणार नाही. सपाट पाण्याची तुम्हाला सवय झाली असेल. ही सगळी पत्रं एकाच पाकिटात घालते आहे, जशीच्या तशी, पहिल्यातला राग न खोडता.

परवा संध्याकाळी मी नाएलीला विचारलं, सगळे वाटाडे एका जागी कधी भेटतात. ती म्हणाली, "रोज सकाळी, गेटवर, ओझ्यांच्या काट्यापाशी. कशाला, मावशी?" मी म्हणाले, "उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी गेटवर गेले. चाळीसेक वाटाडे होते, हमाल तर किती ते मोजले नाहीत. मी काट्याच्या फळीवर उभी राहिले आणि म्हणाले, कुंडाएलीला खोकला घरूनच होता, मला माहीत होता, तो एलिरेहेमापासून लपवायला मीच सांगितलं, आणि एलिरेहेमाने त्याला पाठीवर खाली आणलं. मग मी वाटाड्यांच्या यादीची वही मागितली आणि तुमचं नाव, एलिरेहेमा न्क्या, माझ्या हाताने तिच्यात लिहिलं.